जुन्या आगबोटीचे भक्त

जुन्या महासागरी आगबोटीवरून एकदां सहल करून आलेला उतारू नव्या बोटीची स्तुति सहसा करीत नाहीं. त्याच्या आठवणी छापून येतात, मित्रमंडळींत सांगितल्या जातात, आणि त्यांचा सूर एकच असतो: ती नुसती बोट नव्हती, तिला स्वभाव होता. नव्या बोटींचे कैवारी या भक्तमंडळीस हंसतात. केबिनी अरुंद, नळ कुरकुरणारे, पोहण्याचा तलाव हातभर. या म्हातारीचें कौतुक करावें तरी किती, असें ते विचारतात. या वादांत आम्ही भक्तांच्या पक्षाचे आहोंत, हें आधींच सांगून टाकतों. कारण पुढें त्यांच्यावरच एक आरोप करावयाचा आहे, आणि तो शत्रुपक्षाकडून आला असें त्यांस वाटूं नये.

उदाहरणादाखल 'फ्रान्स' ही बोट घेऊं. 1960 सालीं सें-नाझेर येथें ती पाण्यांत सोडण्यांत आली आणि 1962 च्या फेब्रुवारींत आव्र बंदरांतून न्यूयॉर्कच्या पहिल्या सफरीस निघाली. तिची लांबी 1,035 फूट. एवढी लांब उतारू-बोट त्या काळीं जगांत दुसरी नव्हती. विमानांनीं तिचे उतारू पळविले, फ्रेंच सरकारनें अनुदानाचा हात आखडला, आणि 1974 सालीं तिच्या फेऱ्या संपल्या. पुढें पांच वर्षें ती आव्रलाच पडून होती. 1979 सालीं एका नॉर्वेजियन मालकानें ती विकत घेतली, जर्मनींतील ब्रेमरहाफेनच्या गोदींत तिचें रूपांतर करविलें, आणि 1980 पासून 'नॉर्वे' या नांवानें ती मायामीहून कॅरिबियन समुद्रांत सहली करूं लागली.

उतारूंच्या आठवणी येथून सुरू होतात, आणि त्या खोट्या नाहींत. हिवाळ्यांतल्या उत्तर अटलांटिकमधून ठरल्या वेळीं पलीकडे पोहोंचावयाचें, म्हणून तिचा सांगाडा लांब, चिंचोळा आणि खोल बांधलेला होता. कॅरिबियन बेटांच्या उथळ बंदरांत तिला शिरतां येत नसे. ती दूर नांगर टाकून उभी राही, आणि नाळेकडच्या डेकवर बाळगलेल्या दोन मोठ्या होड्या उतारूंना किनाऱ्यावर नेत-आणीत. गैरसोय खरीच, परंतु संध्याकाळीं त्या होडींतून परततांना तो निळा सांगाडा आणि पंख लावलेलीं तीं दोन धुरांडीं ज्यानें पाहिलीं, त्याला आपण कशावर राहतों आहों हें कोणी सांगावें लागत नसे. धक्क्याला चिकटलेल्या तरत्या हॉटेलांतून खालीं उतरणाऱ्यास हा अनुभव कोठून मिळणार? जुन्या पहिल्या वर्गाच्या भोजनगृहांत घुमटाखालच्या जिन्यावरून उतरून जावें लागे, आणि साधा शाळामास्तर देखील त्या जिन्यावर अंमळ ताठ होई. फिरण्याच्या दोन बंदिस्त वाटांस नव्या मालकांनीं 'फिफ्थ ॲव्हेन्यू' आणि 'शांझेलिझे' अशीं नांवें दिलीं होतीं; तीं आम्हांस बाजारी वाटतात, पण वाटा मात्र झकास होत्या. ज्याला समुद्र ओलांडण्यासाठीं बांधलेली वस्तु आणि समुद्रावर ठेवलेली वस्तु यांतला भेद कळत नाहीं, त्याच्याशीं आम्ही वाद घालीत नाहीं.

आतां आमचा आरोप. गोव्यांत किंवा रत्नागिरीकडे 'तो बोटीवर असतो' असें कोणाविषयीं म्हटलें, तर त्याला कोणी उतारू समजत नाहीं. तो बोटीवर असतो म्हणजे तेथें तो राबतो. महिनेच्या महिने घरीं येत नाहीं. त्याचा पैसा येतो. आमच्या समुद्रकांठानें बोट ओळखली ती अशी खालून. भक्तांच्या आठवणींत हा खालचा मजला कोठें आहे? जिन्याचें वर्णन दोन पानें, खुर्च्यांच्या गाद्यांचें एक पान. आणि ही एवढी थोरली वस्तु कोणाच्या जिवावर चालते याविषयीं एक ओळ नाहीं.

रूपांतराच्या वेळीं नॉर्वेच्या चार पंख्यांपैकीं दोन काढून टाकले आणि पुढील यंत्रशाळा बंद केली. मूळच्या आठ बॉयलरांपैकीं मागचे चार तेवढे उरले, आणि त्या चारांवर पुढें वीस वर्षांहून अधिक काळ सहली झाल्या. 25 मे 2003 रोजीं सकाळीं, बोट मायामीच्या धक्क्याला लागल्यावर, त्यांतला एक फुटला. आठ खलाशी प्राणास मुकले; आणखी कित्येक भाजले, जायबंदी झाले. त्या वेळीं बोटीवर दोन हजारांहून अधिक उतारू होते. त्यांपैकीं एकाच्याही केसाला धक्का लागला नाहीं.

अमेरिकन चौकशी-मंडळानें काढलेला निष्कर्ष साध्या शब्दांत असा कीं, बॉयलर चालविण्याची रीत, त्यांची देखभाल आणि त्यांची तपासणी या तिन्हींत उणीव होती, आणि त्या उणिवेमुळें पोलादांत भेगा वाढत गेल्या. 2008 सालीं मालक कंपनीनें अमेरिकन न्यायालयांत निष्काळजीपणाचा गुन्हा कबूल केला व तिला दहा लक्ष डॉलर दंड झाला.

म्हातारीचें वय झालें होतें, असें यावर भक्त म्हणतात, आणि डोळे पुसतात. आम्हांस हें रडणें मान्य नाहीं. 'क्वीन एलिझाबेथ 2' ही बोट 1969 पासून फिरत होती. तिचीं वाफेचीं यंत्रें थकलीं तेव्हां 1986-87 सालीं, त्याच ब्रेमरहाफेनच्या गोदींत, तीं समूळ काढून तेथें नऊ डिझेल इंजिनें बसविण्यांत आलीं. खर्च प्रचंड आला. पण त्यानंतर ती 2008 पर्यंत समुद्रावर राहिली. तेव्हां वयाला दोष देणें म्हणजे हिशेबाच्या वहीवर फुलें वाहणें होय. पोलाद वयानें फुटत नाहीं. त्याच्याकडे पाहिलें नाहीं म्हणजे फुटतें. आणि उतारूंचें हें आंधळें प्रेम मालकाच्या पथ्यावरच पडत होतें. नळ कुरकुरला तरी जो म्हणतो 'हाच तर तिचा स्वभाव', त्याच्यासाठीं नळ दुरुस्त करण्याची गरज काय?

उतारूला बॉयलरांतलें काय कळणार, असा एक बचाव आम्हांस ऐकविला जातो. 1990 सालीं याच बोटीवर वरच्या बाजूस दोन मजले चढविले, तेव्हां तिची घडण बिघडली म्हणून भक्तांनीं किती आरडाओरड केली! डोळ्यांना खुपलें तेव्हां त्यांना नौकाशिल्प उत्तम कळत होतें. दोन मजल्यांची चौकशी ज्यांना करतां आली, त्यांना उरलेल्या चार बॉयलरांची विचारपूस करतां आली नसती काय? तिकिटाच्या पैशांतून खालीं किती जातें, एवढें तरी?

त्या स्फोटानंतर नॉर्वेनें उतारू नेले नाहींत. ओढत तिला जर्मनीस नेलें, तेथून मलेशियास, आणि 2006 सालीं 'ब्लू लेडी' या नांवानें ती गुजरातेंत अलंगच्या किनाऱ्यावर चढली. तिच्या पोटांतील ॲस्बेस्टॉसमुळें प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयांत गेलें. 2007 च्या सप्टेंबरांत न्यायालयानें तोडण्यास परवानगी दिली, आणि मजुरांनीं गॅसच्या ज्योतीनें तिचे तुकडे केले. तो ॲस्बेस्टॉस कोणाच्या छातींत जाणार होता, हा प्रश्न त्या वेळीं भारतांतल्या कांहीं मंडळींनीं नेटानें लढविला. भक्तांची मोठी चिंता मात्र जिन्याचीं व भिंतींचीं शिल्पें वांचतात कीं नाहीं, ही होती.

तीं बरींचशीं वांचलीं. 2009 च्या फेब्रुवारींत पॅरिस येथें बोटीच्या वस्तूंचा लिलाव झाला. अलंगला कापून काढलेलें नाळेचें टोकही त्यांत होतें. तें अडीच लाख युरोंहून अधिक किंमतीस गेलें.