पोराचं पोट दुखतंय, रिपोर्ट मात्र ‘नॉर्मल’

कृषी सहायकानं पिकाचं सांगावं, पोटदुखीचं कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण बांधावर उभं राहिलं की पिकाच्या आधी घरच्याच गोष्टी निघतात. गेल्या हंगामात एका शेतकऱ्याकडं तूर पाहायला गेलो होतो. चौथीतल्या मुलीचं पोट दुखतं म्हणून त्यानं तालुक्याला दोनदा आणि जिल्ह्याला एकदा सोनोग्राफी केली. रक्त, लघवी तपासली. सगळं नॉर्मल. मग कुणी अंगारा दिला, कुणी ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळलं. फवारणीला ठेवलेले पैसे संपले आणि मुलगी दीड महिना शाळेत गेली नाही. शेवटी बाप वैतागून म्हणाला, “साहेब, नाटकं करते हो पोरगी.”

हे नाटक नसतं, एवढंच सांगण्यासाठी हा लेख आहे.

भर दुपारी कपाशी माना टाकते आणि संध्याकाळी पुन्हा टवटवीत होते. पानावर कीड नसते, मुळाला रोग नसतो, पण झाडावरचा ताण खरा असतो. तिथं औषध फवारून उपयोग नाही. मुलांच्या पोटाचंही असंच होतं. आतडं आणि मेंदू नसांनी जोडलेले असतात. काही मुलांत या नसा हळव्या होतात. कधी जुलाबाच्या आजारानंतर, कधी भीतीनं, काळजीनं. मग साधा वायूही कळ बनून जाणवतो. तपासणीत काही सापडत नाही, पण वेदना खरी असते. ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅपली यांनी इंग्लंडात १९५८ साली हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर दहांत एका मुलाला अशी वारंवार पोटदुखी होती आणि त्यातल्या फार थोड्यांत शरीराचा आजार सापडला. म्हणजे हे तुमच्याच घरचं दुखणं नव्हे.

मात्र आधी डॉक्टरांना दाखवायलाच हवं. दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडं खाली सरकलं, रात्री झोपेतून उठवू लागलं, शौचातून रक्त पडलं, हिरवी उलटी झाली, ताप राहिला, वजन घटलं, कावीळ दिसली, तर घरी थांबू नका. आणि माझ्या खात्याची एक गोष्ट : फवारणीच्या दिवसांत पोरगं पोट धरून ओकू लागलं, लाळ-घाम सुटला किंवा मोगली एरंडाच्या बिया खाल्ल्याचं कळलं, तर तडक दवाखाना गाठा. औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल सोबत न्या. जंताची गोळी शाळेत, अंगणवाडीत मोफत मिळते, ती चुकवू नका.

तपासून झालं, डॉक्टर ‘आजार नाही’ म्हणाले, मग काय? दवाखाने बदलू नका. मेडिकलमधून दुखणं थांबवायच्या गोळ्या आणून देत राहू नका. ओवा, गरम पाण्याची पिशवी चालेल. पण बिब्बा लावणं, डाग देणं हा उपचार नव्हे, पोराच्या कातडीवरचा अत्याचार आहे.

पोराला सांगा, “तुझं दुखतं हे आम्हाला पटतंय. पण हा घातक आजार नाही, कमी होईल.” रोज सकाळी “दुखतंय का?” असं विचारू नका, विचाराल तितकं लक्ष पोटाकडंच जातं. दुखलं तर पोट फुगवून सावकाश श्वास घ्यायला शिकवा, गोष्टीत, खेळात गुंतवा. शाळा बंद करू नका. अगदीच जमेना तर अर्धा दिवस पाठवा, पण पाठवा. घरी बसलं की दुखणं मुक्कामाला येतं. वेळेवर जेवण, झोप, भाजी-भाकरी, भरपूर पाणी आणि जेवणानंतर ठरलेल्या वेळी शौचाला बसणं, ही सवय लावा. तरीही हटलं नाही तर बालरोगतज्ज्ञांना विचारून समुपदेशकाकडं न्या. मनाची सवय बदलण्याच्या उपचारानं अशा मुलांना फायदा होतो. तिथं गेलं म्हणजे पोरगं वेडं झालं असं नाही.

आता सरपंच, ग्रामसेवक, गुरुजी यांना चार शब्द. त्या मुलीच्या आजीनं गोडीगुलाबीनं विचारलं तेव्हा कळलं, शाळेच्या संडासाला कडी नव्हती, पाणी नव्हतं. पोरगी दिवसभर दाबून धरायची. शौच तुंबलं, पोट दुखू लागलं, पुढं शाळेचं नाव काढलं तरी कळ यायची. मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं हवीत, हे शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. पण भिंती बांधल्या म्हणजे काम झालं का? कडी आणि पाणी कुणी पाहायचं? ग्रामसभेत रस्त्यावर तासभर बोलतो, तशी पाच मिनिटं यावरही काढा. शाळा व्यवस्थापन समितीनं महिन्यातून एकदा आत डोकावून यावं. गुरुजींनी “पोट दुखतंय” म्हणणाऱ्या पोराला हसू नये, वर्गातली पोरं चिडवतात का तेही पाहावं.

कडी बसली, टाकीला नळ आला. मुलीचं पोट अजून अधूनमधून दुखतं, पण ती शाळा चुकवत नाही. बाप आता नाटक म्हणत नाही. त्या घराचं एवढं बोलण्यावाचून किती नुकसान झालं, ते तुमच्या घरी होऊ देऊ नका.