श्रीमंतांनी कुठे राहावे?

गणपतीत आमच्या एका स्नेह्यांकडे प्रसादाला गेलो, तो तिथे पेच उभा. त्यांच्या कन्येला दोन नोकऱ्या चालून आलेल्या, एक स्टॉकहोमला, दुसरी टेक्सासातल्या डॅलसला. पगार असे की ऐकून मोदक हातातच राहावा. "गोरगरिबांना स्वीडन बरा, कबूल," यजमान म्हणाले. "पण चार पैसे गाठीला असलेल्याने तिथे का मरायला जावे?"

त्यांचे खोटे नाही. स्वीडनमध्ये मोठ्या पगाराच्या वरच्या भागातला निम्म्याहून अधिक सरकार नेते, आणि उरलेल्यातून खरेदी करावी तर बहुतेक वस्तूंवर 25 टक्के कर. टेक्सासात राज्याचा प्राप्तिकरच नाही; काय तो दिल्लीचा, म्हणजे वॉशिंग्टनचा. 1976 साली बालसाहित्यिका अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांच्यावर 102 टक्के कर भरायची पाळी आली, तेव्हा बाईंनी वर्तमानपत्रात त्यावर एक परीकथा लिहिली. त्याच वर्षी सलग चाळीस वर्षे राज्य करणारा पक्ष निवडणूक हरला. (परीकथेनेच हरला असे मी म्हणत नाही. आम्हां लिहिणाऱ्यांना तसे मानायला आवडते, एवढेच.)

पण गंमत पाहा, याच स्वीडनने 2004 साली वारसाकर मोडीत काढला आणि 2007 साली संपत्तीकर. म्हणजे कात्री लागते ती पगारदार श्रीमंताला. वाडवडिलांच्या ठेवीवर बसलेला सुखरूप. मोठ्या इस्टेटीवर वारसाकर आहे तो अमेरिकेत! हे ऐकून यजमानांनी चष्मा काढून पुसला.

"आणि बाळंतपण?" यजमानीणबाई प्रथमच बोलल्या.

स्वीडनमध्ये एका मुलामागे आईबापांना मिळून 480 दिवसांची भत्त्याची रजा. त्यातले 90 दिवस बापाचेच. त्याने घेतले नाहीत तर बुडाले. भत्त्याला कमाल मर्यादा आहे, तेव्हा लठ्ठ पगारवाल्याला तो तुटपुंजा वाटतो. पण दिवस मिळतात. अमेरिकेच्या 1993 च्या कायद्यात बारा आठवडे, तेही बिनपगारी. मालक उदार असला तर जास्त.

दुखण्याचे मात्र उलट. स्वीडनचा कायदा म्हणतो, तज्ज्ञ 90 दिवसांत भेटावा आणि शस्त्रक्रिया त्यापुढच्या 90 दिवसांत व्हावी. तेही नेहमी पाळले जात नाही. गुडघा ठणकत असताना ही रांग श्रीमंताला फार बोचते. डॅलसला चांगला विमा असेल तर काम लवकर होते. फक्त तो विमा नोकरीला बांधलेला. नोकरी सुटली की एक तर तोही सुटतो, नाहीतर सगळा हप्ता पदरचा भरायचा.

"मग आम्ही म्हातारपणी तिच्याकडे जायचे म्हटले तर?" बाईंनी विचारले.

स्वीडनमध्ये सज्ञान मुलांच्या आईबापांना कायमचे राहायला सहसा परवानगी मिळत नाही. अमेरिकेत मुलगी नागरिक होईपर्यंत तिला त्यांच्यासाठी अर्जही करता येत नाही.

हे मी सांगितले नाही. आणखी एक मोदक मागून घेतला.