एका रात्रीच्या पाहुण्याचा हिशेब

टॉवेल पुन्हा वापरायचा असेल तर दांडीवर टांगा, असे सांगणारे छोटे कार्ड आपल्या जवळपास प्रत्येक बाथरूममध्ये असते. चार दिवस राहणाऱ्या पाहुण्यासाठी ते ठीक. सहार, मरोळ किंवा विलेपार्ल्यात उतरणारा पाहुणा मात्र रात्री अकराला येतो आणि पहाटे साडेतीनला गाडी मागवतो. त्याने टॉवेल टांगला काय किंवा जमिनीवर टाकला काय, तो धुवावाच लागतो. चादर, अभ्रे आणि खोळही त्यासोबत जातात. तीच खोली दुपारी काही तासांसाठी पुन्हा विकली गेली, तर एकाच दिवसात दुसऱ्यांदा.

विमानतळालगतच्या हॉटेलांची शाश्वतता आपण अजून रिसॉर्टच्या मापाने मोजतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. कार्बन आणि पाण्याचा वापर दर भरलेल्या खोलीमागे काढण्याची पद्धत जगभर रूढ आहे आणि हॉटेलांची आपसांत तुलना करायला ती उपयोगी पडते. पण खोली किती वेळा रिकामी होऊन पुन्हा लागली, हे त्या आकड्यात दिसत नाही, आणि आपला खरा भार तर तिथेच असतो. म्हणून लिननचे किलो, गरम पाणी आणि धुलाईची रसायने दर चेक-आउटमागे मोजायला हवीत. लाँड्री बाहेर दिली असेल तर कंत्राटदाराच्या कारखान्यात खर्च झालेले पाणीही आपलेच धरावे. ते वगळून मिरवलेली पाणीबचत आम्हाला मान्य नाही.

स्वयंपाकघराचे गणितही इथे निराळे आहे. विमान कंपन्यांच्या क्रूचे वेळापत्रक आधीपासून ठाऊक असते. पहाटे कोण निघणार आणि नाश्त्याला कोण असणार, हे आदल्या रात्रीच कळू शकते. तरीही बुफे पूर्ण क्षमतेने मांडला जातो, कारण क्रूची यादी फ्रंट ऑफिसमध्ये अडकते आणि शेफपर्यंत पोहोचतच नाही. पावसाळ्यात उड्डाणे रद्द होऊन दीडशे माणसे एकदम दारात येतात, त्याचा अंदाज बांधणे अवघड, हे मान्य. पण ती अपवादाची रात्र आहे. रोजच्या नासाडीला ती कारण म्हणून पुढे करता येणार नाही.

उरलेल्या अन्नाचा प्रश्न आपल्याकडे उड्डाणांच्या सुरक्षेलाही भिडतो. पक्ष्यांना आकर्षित करणारा कचरा विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत टाकायला विमान नियम, 1937 मधील नियम 91 मनाई करतो आणि त्यात हॉटेलांमधून निघणाऱ्या कचऱ्याचा उल्लेख नावानिशी आहे. मागच्या गल्लीतल्या उघड्या ड्रमवर घारी घिरट्या घालत असतील, तर ती जबाबदारी जनरल मॅनेजरची.

पर्यावरणाचा विचार करणारे पंचतारांकित हॉटेल ही कल्पना विमानतळाच्या दारातच साकारता येते, हे विठ्ठल कामत यांनी विलेपार्ल्याच्या ‘ऑर्किड’मध्ये 1990च्या दशकातच दाखवून दिले. त्या हॉटेलला इकोटेल प्रमाणपत्र मिळाले, तेव्हा या विषयाला बाजारात फारशी किंमतही नव्हती.

आता नवी मुंबईकडे पाहावे. तिथला विमानतळ डिसेंबर 2025 मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 2 कोटी प्रवाशांची आहे. उलवे नदीचा प्रवाह वळवून आणि टेकडी सपाट करून ती जमीन तयार झाली. भोवती खाड्या आणि खारफुटी आहे. पनवेल-उलवे पट्ट्यातली पुढची हॉटेले ज्यांच्या हातून उभी राहणार आहेत, त्यांनी सांडपाणी शुद्ध करून फ्लश आणि कूलिंग टॉवरला देणारी वेगळी नळजोडणी, चिलरच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर पाणी तापवण्याची सोय आणि ओल्या कचऱ्यासाठी बंदिस्त जागा नकाशातच आखून घ्यावी. सहारच्या जुन्या इमारतींत हे काम भिंती फोडून करावे लागते, आणि खोल्या बंद ठेवायला मालक तयार होत नाहीत.

वाचकांना आमची एक विनंती आहे. आपल्या हॉटेलात दर चेक-आउटमागे किती किलो लिनन धुतले जाते, हे महिनाभर मोजा आणि तो आकडा आम्हाला कळवा. हॉटेलचे नाव न छापता आम्ही ते सर्व आकडे एकत्र प्रसिद्ध करू.