'सँक्शन' म्हणजे मंजुरी कीं बंदी?

बँकेकडून "कर्ज सँक्शन झालें" असें पत्र आलें म्हणजे व्यापाऱ्याच्या घरीं पेढे वाटले जातात. आणि त्याच व्यापाऱ्याच्या परदेशस्थ गिऱ्हाइकावर "सँक्शन्स" लागले म्हणजे त्याचा पैसा अडकून पडतो. शब्द एकच, पण एके ठिकाणीं अर्थ मंजुरी, दुसरे ठिकाणीं शासन!

ह्याचें मूळ लॅटिन भाषेंत आहे. तेथील धातूचा अर्थ पवित्र, म्हणून अनुल्लंघनीय करणें. आतां नियमास हें बळ दोन वाटांनीं येतें: अधिकाऱ्याच्या संमतीनें, अथवा नियम मोडणारास होणाऱ्या दंडानें. इंग्रजीनें दोन्ही वाटा ठेवल्या. 1935 सालीं इटलीनें अबिसीनियावर स्वारी केली तेव्हां राष्ट्रसंघानें इटलीवर जी व्यापारबंदी घातली तिला हेंच नांव होतें. त्या बंदींतून खनिज तेल वगळलें होतें. म्हणजे दरवाजास कुलूप आणि खिंडार मोकळें! 1936 सालीं ती उठलीहि. पुढें 1998 च्या पोखरण येथील अणुस्फोटानंतर अमेरिकेनें हिंदुस्थानावरहि असे निर्बंध घातले होते.

ओळखण्याची खूण अशी: कर्ज, खर्च किंवा पद ह्यांच्याशीं शब्द जोडलेला असला कीं मंजुरी समजावी, देश, जहाज किंवा पेढी ह्यांच्यावर आला कीं बंदी. सरकारी नोकरावर खटला भरण्यास लागते ती सँक्शन मात्र परवानगीच, जरी तिचा शेवट तुरुंगांत होणें शक्य असलें तरी! आणि कर्जाची मंजुरी म्हणजे रक्कम हातीं आली, असेंहि नव्हे.

आमचा खरा आक्षेप निर्यातीच्या कागदांविषयीं आहे. विम्याच्या करारांत "सँक्शन्स क्लॉज" असतें. भरपाई दिल्यानें असे निर्बंध मोडत असतील तर विमा कंपनी ती देणार नाहीं, असा त्याचा आशय. बँकेच्या पत्रानें सँक्शन म्हणजे मंजुरी हेंच शिकलेला आमचा व्यापारी तें मंजुरीचें कलम समजून निर्धास्तपणें सही करील, तर दोष त्याचा एकट्याचा काय? मराठींत 'मंजुरी' व 'निर्बंध' असे दोन स्वच्छ शब्द असतां बँकांनीं व विमा कंपन्यांनीं ते मूळ शब्दाशेजारीं छापूं नयेत, ह्यास आम्हांस तरी कोणतेंहि सबळ कारण दिसत नाहीं. आणि बातमींत तोच इंग्रजी शब्द उचलून ठेवणाऱ्या आम्हां वर्तमानपत्रकारांनींहि हा आळस आजपासून सोडला पाहिजे.