चेहरा नसलेला प्रतिस्पर्धी

पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, असा दावा करणाऱ्यांचा भर प्रतिस्पर्ध्याला ‘वाचण्या’वर असतो. पत्ते नशिबाने येतात. पण पैसे लावताना समोरच्याचा हात अडखळला का, हे टिपणे अनुभवाचे काम. अमेरिकेत मायकेल स्लेपियन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात व्यावसायिक खेळाडूंचे चेहरे पाहणाऱ्यांचे अंदाज फसले. मात्र चिप्स सरकवणाऱ्या हातांवरून पत्त्यांचा कस काही अंशी ओळखता आला.

मोबाइलच्या पडद्यावर ना चेहरा असतो, ना हात. उरते ती लावलेली रक्कम आणि त्यासाठी घेतलेला वेळ. २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार पोलिसांत केली. खेळ कोणता, हा मुद्दा येथे गौण. पलीकडे कोण बसले आहे हे दिसत नाही, हाच खरा धोका.

सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले. पोकरला मात्र गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ही सवलत नाकारली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने तर हा भेदच बाजूला ठेवून पैशांच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली.

बंदी योग्यच, पण जुगार आधीही बेकायदाच होता. तरीही एका शहरातून कोट्यवधी रुपये गेल्याची तक्रार होते, तेव्हा कसोटी कायद्याच्या शब्दांची नसून अंमलबजावणीची असते.