एम.एस. झाले, आता नोकरी

आपल्या शाळेतून दहावी होऊन, पुढे बी.टेक. करून अमेरिकेत ‘इन्फर्मेशन सिस्टिम्स’ची मास्टर्स पदवी घ्यायला गेलेली मुले आज काचीगुड्यापासून कुकटपल्लीपर्यंत अनेक घरांत आहेत. व्हिसासाठी चिलकूरच्या बालाजीला ११ प्रदक्षिणा होतात, तो मिळाला की १०८. कर्ज बँकेचे, आणि पुष्कळदा तारण राहते घर. पदवी मिळाली की पेढे वाटले जातात. त्यानंतरच्या वर्षाविषयी मात्र पालकसभेत कोणी बोलत नाही, म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

पदवीनंतर तिथे ‘ओपीटी’वर १२ महिने काम करता येते. अभ्यासक्रम ‘स्टेम’ यादीत असेल तर २०१६ च्या नियमानुसार आणखी २४ महिने मिळू शकतात. ही यादी अभ्यासक्रमाच्या नावावर चालत नाही, त्याच्या सांकेतिक क्रमांकावर चालते. एकाच नावाचा अभ्यासक्रम एका विद्यापीठात यादीत असतो, दुसऱ्यात नसतो. पालकांनी फीची चौकशी करताना हा क्रमांकही विचारावा. पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचे राहता येत नाही. पुढे एच-१बी. वर्षाला ६५,००० जागा, अमेरिकन मास्टर्स असलेल्यांना आणखी २०,०००, आणि अर्ज त्याहून कितीतरी अधिक. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला.

एकीकडे ९० दिवस, दुसरीकडे हप्ता. या कात्रीत चांगली मुलेही सापडतात. कोणी सांगतो, बायोडाटात तीन वर्षांचा अनुभव दाखव. कोणी म्हणतो, फोनवरची मुलाखत दुसराच देईल. कोणी केवळ राहण्यापुरता दुसऱ्या पदवीला प्रवेश घेतो. मिशिगनमधले ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’ आठवा. ना शिक्षक, ना वर्ग. ते अमेरिकन सरकारनेच सापळा म्हणून उभे केले होते. २०१९ मध्ये शंभरावर भारतीय विद्यार्थी त्यात पकडले गेले, त्यांत तेलुगू मुले मोठ्या संख्येने होती. सरकारने असा सापळा लावावा का, हा वाद वेगळा. पण तिथवर जाण्याची पाळी एखाद्या मुलावर का येते, हे घराघरांत विचारले गेले पाहिजे.

आमचे मत स्पष्ट आहे. पहिली नोकरी लहान असली तरी चालेल, खोटी नको. टेस्टिंग, सपोर्ट, अहवाल तयार करणे ही कामे हलकी समजली जातात. का, ते आम्हांला कळत नाही. हा विषय मुळात नुसत्या प्रोग्रॅमिंगचा नाहीच. औषधांच्या गोदामात माल आला की स्टोअरकीपर एका वहीत खोक्यांचा आकडा लिहितो, हिशेबनीस दुसरीकडे पट्ट्यांचा लिहितो, आणि महिनाअखेर दोघांचे जुळत नाही. कोण काय, कधी आणि का लिहितो हे विचारून घेतल्याशिवाय तिथे कोणतेही सॉफ्टवेअर चालणार नाही. हे सपोर्टच्या खुर्चीवर जितके कळते तितके वर्गात कळत नाही. आपल्या मुलांना घरी मराठी, बाहेर तेलुगू आणि हिंदी येते. गोदामातल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलता येणे या धंद्यात फार मोलाचे. अमीरपेठेतल्या तीन महिन्यांच्या कोर्समध्ये ते मिळत नाही.

आणि परत येणे म्हणजे हरणे नव्हे. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये आपले विकसन केंद्र याच शहरात सुरू केले. आज माधापूर-गच्चीबावलीत अशी कितीतरी कार्यालये आहेत. तेव्हा परतलेल्या मुलाला लग्नाच्या पंगतीत ‘पॅकेज किती?’ आणि ‘परत का आलास?’ हे दोन प्रश्न तरी पालकांनी विचारू नयेत.

विश्वस्तांना एक सूचना. शाळेच्या ग्रंथालयाची नोंदवही आणि फीचा हिशेब अजून दोन ठिकाणी लिहिला जातो. नुकतीच पदवी घेतलेल्या आपल्याच एखाद्या माजी विद्यार्थ्याला हे काम रीतसर मानधन देऊन सोपवावे, आणि पूर्ण झाल्यावर तसे पत्र द्यावे. बायोडाटात लिहायला ते खरे काम होईल. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, अशी आमची विनंती आहे.