ताटातले अन्न, मनातली भूक

संयुत्त निकायातील कोसल संयुत्तात राजा पसेनदीची एक कथा आहे. द्रोणभर भात जेवून, धापा टाकीत तो भगवंतांपाशी आला. भगवंतांनी त्याच्या देहाची थट्टा केली नाही. जो सजग राहून, मात्रा ओळखून जेवतो त्याच्या वेदना कमी होतात, एवढेच त्यांनी सांगितले. राजाने ती गाथा सुदस्सन नावाच्या तरुणाकडून पाठ करवून घेतली आणि रोज जेवताना ती म्हणण्याचे काम त्याला दिले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला. शरीर हलके झाले.

वसतिगृहातील मुलांच्या सहवासात आम्हाला ही कथा वारंवार आठवते. सीताबर्डीच्या बाजारातून आणलेला चिवडा पेटीत दडवून, दिवे मालवल्यावर एकट्याने संपविणाऱ्या मुलाला आपण ‘हावरट’ म्हणून मोकळे होतो. पोट भरल्यावरही हात का थांबत नाही, हे मात्र विचारीत नाही. घरची आठवण, परीक्षेची धास्ती, कुणाचा टोमणा, एकटेपणा ही त्यामागची कारणे असतात. सक्तीची उपासमार हेही एक कारणच. 1944-45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे 36 निरोगी तरुणांना प्रयोगासाठी सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले गेले. पुढे अन्न मोकळे झाल्यावर त्यांतील अनेकांना पोट भरूनही समाधान होईना. अशा अनावर खाण्याला 2013 पासून अमेरिकी मानसोपचारशास्त्राने स्वतंत्र विकार मानले आहे. हा विकार असलेली प्रत्येक व्यक्ती स्थूल नसते, आणि प्रत्येक स्थूल व्यक्तीला हा विकार नसतो. परंतु वजन वाढले की टोमणे वाढतात, टोमण्यांनी लाज वाढते आणि लाज पुन्हा त्या पेटीकडेच नेते.

ज्या घरांनी 1972 च्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढले, त्या घरांत भरलेले ताट हेच मायेचे माप झाले. त्यात गैर काही नाही. मात्र आग्रहाने वाढणारी तीच माणसे मुलगी वयात आली की तिच्या अंगलटीवर बोलतात, तेव्हा मूल गोंधळते.

जन्मावरून हिणवले जाण्याची वेदना आपल्या समाजाला कुणी शिकवावी लागत नाही. मग आपणच आपल्या लेकरांना देहावरून का हिणवावे? भेटीच्या दिवशी पालकांनी ‘किती सुटलास!’ म्हणण्याआधी ‘बरा आहेस ना?’ असे विचारावे. जेवणे चुकवायला लावू नयेत. पंगतीत सोबत बसावे. त्रास टिकून राहिला तर मेडिकलच्या मानसोपचार विभागात जाण्यात कमीपणा मानू नये. पसेनदीला उपाशी ठेवावे लागले नव्हते. त्याच्या ताटाशेजारी रोज कुणीतरी होते, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते.